पाणी आइगा

"दर तिसऱ्या दिवशी प्रत्येक नळाला पाणी आइगा, एवढं लिहा," तोमासा गावच्या सभेत उभी राहून म्हणाली.

पाणीखात्याचा इंजिनियर बालबुएना हसला. "आइगा नाही हो, दोन्या तोमासा. 'असावं' म्हणायचं तर आपल्या स्पॅनिशमध्ये 'आया' म्हणतात. शाळेत शिकवलं नाही?"

मागच्या बाकांवर दोघं-तिघं खुदकन हसले. तेवढ्यात साहेबाने पान उलटलं आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय काढला.

तोमासा बसली नाही. तिची शाळा दुसरीतच सुटली होती, त्याला साठ वर्षं झाली. डोंगरातली सगळी वस्ती आइगाच म्हणते, आणि शहरात त्यावरून माणसाला गावंढळ ठरवतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाजेने तिचे कान तापले. पण तोर्तियांसाठी चुन्यात उकडलेला मका घरी तसाच पडला होता, धुवायला थेंब नव्हता. लाजेने काही मका धुतला जात नाही.

"दिवे मागाहून," ती म्हणाली. "आधी पाणी आइगा."

"आया."

"तुम्ही आया म्हणा, साहेब. चार वर्षं तुम्ही शुद्ध बोलताय आणि आमचे नळ कोरडे."

या वेळी सगळी सभा हसली, आणि साहेबाकडे बघून हसली. मग एकेक करत हात वर झाले. एकही खाली राहिला नाही.

गावाचा रिवाज असा, की सभेत ठरलेलं बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचं, आणि सही करणाऱ्याने ते आधी मोठ्याने वाचायचं. चिटणीस नोर्बेर्तोने तसं लिहून वही सहीसाठी साहेबापुढे सरकवली.

"दर तिसऱ्या दिवशी प्रत्येक नळाला पाणी..." बालबुएना अडखळला. "...आया."

"तसं लिहिलेलं नाही," नोर्बेर्तो म्हणाला.

"अहो, पण हे चूक आहे."

"असू दे. लिहिलंय तेच वाचा. नाहीतर सही धरत नाही आम्ही."

साहेबाने घसा खाकरला. "...आइगा," तो पुटपुटला.

"मागे ऐकू आलं नाही," तोमासा म्हणाली.

"पाणी आइगा," तो मोठ्याने म्हणाला आणि त्याने सही केली.

तोमासाने शाई वाळेपर्यंत वही स्वतःकडे धरून ठेवली.

"जमलं की तुम्हाला," ती म्हणाली. "आता दर तिसऱ्या दिवशी गिरवा."