तिच्या उंचीची फळी

फळी चार बोटं खाली आली आणि सुतार दमून खुर्चीवर टेकला. डाव्या कुशीतली जखम भरून बरेच दिवस झाले होते, पण हात वर नेला की अजून ओढ बसायची.

"हा उद्योग कशाला?" बायको दारातून म्हणाली. "वजन उचलू नका म्हटलंय ना डॉक्टरांनी?"

"तुझा हात पोचत नव्हता."

"तीस वर्षं पोचत नव्हता. आजच बरा दिसला!"

तो हसला. खरं कारण त्याने पोटातच ठेवलं.

महिन्यापूर्वी मोजपट्टी शोधताना तिच्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली, त्याला इस्पितळाचा लिफाफा सापडला होता. आतला कागद गिचमिड डॉक्टरी अक्षरातला. तेवढ्यात तिची पावलं वाजली, म्हणून शेवटच्या दोनच ओळी वाचून झाल्या. रोग पसरलेला. पाच वर्षं जगण्याची शक्यता दहात एकाहून कमी.

आणि शस्त्रक्रियेनंतर हीच त्याला म्हणाली होती, "गाठ मूत्रपिंडासकट निघाली, आता घोर नाही." म्हणजे बिचारी एकटीच हे ओझं वाहत होती. म्हणूनच तिचं अन्न तुटलं होतं, गळ्याची हाडं वर आली होती. म्हणूनच 'बहिणीकडे जाऊन येते' म्हणत बाहेर पडायची आणि लाल डोळ्यांनी परतायची.

आपल्याला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं आणि घर तिच्या हाताशी आणायला घेतलं. फळ्या उतरवल्या. अडकणारी खिडकी रंधा मारून सैल केली. दाराची जड कडी काढून हलकी बसवली. एकट्या बाईला रोज कोण उघडून देणार?

तीही स्वस्थ नव्हती. डब्यांवर ठसठशीत अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवत होती: मीठ, साखर, तांदूळ. त्याला शेगडीपाशी उभं करून भात शिकवत होती.

"अगं, तू असताना मला हे कशाला?"

"नुसते बसून गंजाल. ढवळा."

पहिला भात करपला. "करवत चालवणाऱ्याच्या हातात पळी दिली की असंच व्हायचं!" म्हणत ती खळखळून हसली, आणि हसता हसताच तोंड फिरवून भांडी घासू लागली.

सहा महिन्यांच्या तपासणीला दोघं मिळून गेली. डॉक्टरांनी स्कॅन उजेडाला धरला.

"एकदम स्वच्छ. गाठ लहान होती, मूत्रपिंडाबाहेर गेलीच नव्हती. तुमच्यासारख्या दहांतले नऊ जण पाच वर्षं पार करतात. पुढेही छान जगतात."

सुताराला ते ऐकवेना.

"डॉक्टर, पुरे झालं हे नाटक. मी कागद वाचलाय. दहात एकाहून कमी."

"कुठला कागद?"

"हिने कपाटात लपवलेला. याच इस्पितळाचा."

डॉक्टरांनी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. "मी असं काहीच लिहिलेलं नाही. वर नाव कुणाचं होतं?"

सुतार गोंधळला. नाव त्याने पाहिलंच नव्हतं.

शेजारच्या खुर्चीतून बायकोने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"माझं," ती म्हणाली.