गोदामाचा नारळ

बारा वर्षं ओझी उचलल्यावर पुंडलिक कुवेतमधल्या शुवैखच्या केमिकल गोदामात स्टोअरकीपर झाला. क्लोरोसिलेनचा पहिला ड्रम आत आला तेव्हा त्याला कोण आनंद! नारळ उगारून तो ड्रमच्या काठावर आपटणार, तोच सेफ्टीवाला अशरफ ओरडत धावला.

"पुंडलिकदादा, थांबा!"

"अरे, उदबत्तीसुद्धा नाही लावली. पेट घेणारा माल आहे, एवढं कळतं मला."

"आगीचं नाही, पाण्याचं म्हणतोय! बूच सैल आहे. आत पाणी गेलं तर ॲसिडचा धूर उठेल, दोघांचीही छाती जळेल!"

पुंडलिकने नारळ कानाशी हलवला. पाणी खुळखुळलं, तसा तो नारळ छातीशी धरून ड्रमपासून चार पावलं मागे सरला.

संध्याकाळी सिगारेटबंदीच्या अरबी पाटीखाली ठसठशीत मराठी अक्षरं झळकली: 'नारळ फाटकाबाहेर फोडावा. हुकुमावरून, स्टोअरकीपर.'