न पडलेल्या कळ्या

बोटीवर गेलेला अच्युत १९६८ सालच्या वादळानंतर परतला नाही, तेव्हा त्याच्या आईनं, मनोरमेनं, ग्रामदेवाला कौल लावला.

गुरवानं पाषाणावर दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. "बा म्हाराजा, पोरगो जित्तो आसात तर उजवी दी, नायतर डावी!"

"सुकली की पडणारच, निसर्गाचा नियम तो," तिचे यजमान, विज्ञानाचे मास्तर, चिडून म्हणाले. "देवा, नियमांपलीकडचा असशील तर एकही पाडू नकोस!"

"अहो, असं नका मागू!" ती कळवळली.

संध्याकाळी कळ्या वाळून करड्या झाल्या, तरी पडेनात. गुरवानं फुंकर घातली तरी हलेनात.

गुरव गाव सोडून गेला. मास्तर मरेपर्यंत त्या कळ्यांना हात जोडत राहिले. मनोरमा पुन्हा देवळात गेली नाही. अच्युतचं श्राद्ध घालावं की वाट पाहावी, हे तिला अखेरपर्यंत कळलं नाही.