येतो

कुमुदने नवऱ्याच्या हातात रुमाल दिला आणि भास्करराव चपला सरकवून दारापाशी आले. सरकारला खोटं बोललेलं चालत नसे, म्हणून घरोघरच्या दारांना ऐकणारं यंत्र बसवलं होतं. निघणाऱ्याने खरं बोलल्याशिवाय दार उघडायचं नाही.

परवा सोसायटीच्या सभेत, "या दारांमधून नेमकं ऐकतं तरी कोण?" एवढंच भास्कररावांनी विचारलं होतं. आज त्यांना चौकशी केंद्रात बोलावलं होतं.

"येतो गं," ते म्हणाले.

"चुकीचं विधान," दार म्हणालं. "दुरुस्त करा."

भास्कररावांना हसू आलं. "निघताना 'येतो' म्हणतात, एवढी साधी रीत ठाऊक नाही याला. बरं बाबा, जातो."

"अहो, काय हे अभद्र बोलणं," कुमुद म्हणाली, पण तोवर दार उघडलंही होतं. जिना उतरतानाचं त्यांचं हसणं वरपर्यंत ऐकू येत राहिलं.

"लवकर या" म्हणायला कुमुदने तोंड उघडलं आणि तिची नजर दाराकडे गेली.

कालपर्यंत हेच दार रोज सकाळी "येतो" ऐकूनच उघडत होतं.