गाडीचं पोट

"तुम्ही हो म्हणालात की ही गाडी उद्या घेऊन जातो, आणि हिच्या बदल्यात होळीच्या आधी मोठी दाराशी उभी," नितेश म्हणाला. तो पेणच्या शोरूममधून आला होता आणि पाहुण्यांच्या कपातून चहा पीत होता.

धनेश अंगणातल्या शेडकडे बघत होता. शेडमध्ये लाल गाडी होती. स्पोर्ट्स कार. दोनच सीट, आणि जमिनीला चिकटून बसलेली.

जमिनीचे पैसे आले तेव्हा धनेशच्या चुलत्यांनी बंगले बांधले. एकाने हळदीला असा डीजे लावला की शेजारच्या गावातल्या म्हशी आटल्या. धनेशने ही गाडी घेतली. मुंबईहून ती ट्रेलरवर चढून आली, हायवेच्या खड्ड्यांत पोट घासू नये म्हणून. गडब गावातली अख्खी आळी बघायला लोटली होती. ट्रेलरवाल्याने ती शेडमध्ये उतरवून दिली, आणि त्याला आता चार वर्षं झाली.

तिला मखमली कव्हर होतं, कारण कोंबड्या. मंगळवारी हार होता. मिथुन मेकॅनिक महिन्यातून एकदा पेणहून येऊन तिचं इंजिन चालू करून जाई, म्हाताऱ्या माणसाला तपासायला डॉक्टर घरी येतो तसा. धनेश स्वतः कंपनीच्या बसने रोह्याला शिफ्टला जायचा.

"दाराशी लाल गाडी," मृणाली, त्याची बायको, नितेशला म्हणाली, "आणि मी रोह्याला माहेरी जाते मिनिडोर रिक्षाने. कोंबडीवाल्याच्या मांडीला मांडी लावून. ह्यांना विचारा, लाज वाटते का."

"रस्ता बघितलास का?" धनेश म्हणाला.

"म्हणूनच उंच गाडी घेऊ म्हणते. सात माणसं बसतात. दर रविवारी रोह्याला जाऊ."

ओट्यावर धनेशची आई गोदूबाई वालाच्या शेंगा सोलत होती. "आमचे बैल व्हते," ती म्हणाली, "ते खायचे, पण चालायचे तरी. ही नुसती बसून हाय."

"पण आये, ही खात काय नाय."

"तेच तर. जो खात नाय नि हलत नाय, त्याला आपल्यात देव म्हणतात. मग देवळात ठेव की."

नितेशने कप खाली ठेवला. "किंमत लावायची तर चालवून बघावी लागेल. एक चक्कर मारू. बसा शेठ, तुमच्याच हाताने."

धनेशचा चेहरा उतरला. "नको. तुम्हीच न्या. त्या रस्त्यावर माझ्या हातून तिला नाय नेववणार."

नितेशने आवाज खाली आणला. म्हातारा बैल विकणाऱ्यांशी बोलतात तसा. "समजू शकतो."

"मी जाते शेजारी," मृणाली म्हणाली. "गाडी जायच्या आधी एकदा तरी बसू दे."

गाडी गुरगुरत फाटकाबाहेर पडली. धनेश रस्त्यापर्यंत मागे गेला आणि तिथेच उभा राहिला.

"रडतोस काय रं?" गोदूबाईने ओट्यावरून विचारलं.

"धूळ हाय."

धूळ होतीच. पण त्याच्या डोळ्यांपुढे ती मोठी गाडी होती. तिला खड्डा काय नि खाडी काय. आज रोह्याची सासू, उद्या नागोठण्याचा साडू, परवा अलिबागची मावशी. एकदा ती दाराशी लागली की नाही म्हणायला तोंड राहणार नव्हतं. आणि लाल गाडी कुणा दुसऱ्याच्या दारात, कोंबड्यांच्या ताब्यात.

बऱ्याच वेळाने गाडी परत आली, लंगडणाऱ्या घोड्यासारखी. मृणाली कमरेवर हात ठेवून उतरली. केसांत धूळ, डोळ्यांत पाणी.

"अहो, घासली हो!" ती म्हणाली. "खणून ठेवलाय सगळा रस्ता. कर्रर्र असा आवाज आला की माझ्याच पोटात गोळा यायचा. तुम्ही सांगत होता ते सगळं खरं. मी आपली उगाच बोलत राहिले."

"वहिनी, तरी किंमत बरी लावून—" नितेशने सुरुवात केली.

"कसली किंमत? नाय विकायची. आतून बघितली का कशी हाय ती? हिच्यातूनच मी माहेरी जाणार. ह्यांच्या शेजारी बसून, काच खाली करून. आळीला दिसलं पाहिजे."

धनेशने फाटकाकडे बघितलं. "कधी?"

"रस्ता झाला की. तोवर फाटकाबाहेर काढायची नाय, सांगून ठेवते."

गोदूबाई शेंगांच्या सुपावर ओणवी होऊन हसली. "मंग झालंच! मी लग्न होऊन आले तवापासून होतोय तो रस्ता."

धनेशने इतका मोठा श्वास सोडला की नितेशने दचकून मागे बघितलं. मग धनेशने त्याला वालाच्या शेंगांची पिशवी बांधून दिली, पुन्हा यायचा आग्रह केला आणि हायवेपर्यंत पोचवायलाही गेला. चालत.

संध्याकाळी त्याने गाडीचं पोट पुसून काढलं आणि आत जाऊन बसला. मृणाली पदर सावरत शेजारी येऊन बसली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी भांडत नव्हती.

"मधेच गाय आली," ती म्हणाली. "त्या नितेशने असा काय ब्रेक मारला, माझं कपाळ काचेला टेकलं. कुठला हो ह्यातला ब्रेक?"

धनेश निवांत होता. त्याने वाकून पायांपाशी बघितलं.

"तीन दिसतायत," तो म्हणाला. "त्यातलाच एक असंल."