राहिलेली फेरी

भागीरथाबाईनं पाहुण्याला पाणी दिलं, चहा दिला, पण जे विचारायचं होतं ते काही तिच्या तोंडून निघेना.

पाहुणा म्हणजे कामठीचा लतीफ. तिच्या लेकाच्या, शालिकच्या पलटणीतला. बांगलादेशची लढाई संपून सुट्टी मिळाली, तसा घरी एक रात्र काढून तो इंदोऱ्यात तिच्याकडे आला होता. दारातच थेट शालिकसारखं "जयभीम, माय" म्हणाला, तेव्हाच तिचा जीव अर्धा झाला. शालिक लढाईत गेला, त्याला तिकडेच अग्नी दिला होता. तिला त्याचं तोंडही दिसलं नव्हतं.

शेवटी तिनं विचारलंच. "बापू, त्याले सरणावर ठेवलं तवा कोणी त्रिशरण म्हणलं का गा? का तसंच गेलं माहं लेकरू?"

लतीफनं कप खाली ठेवला. "तुमच्यातलं कोणी नव्हतं, माय. म्याच म्हणलं."

"तू?"

"आमी दोघं एकाच खंदकात होतो जी. मी नमाज पढलो का तो पहारा दे. तो त्रिशरण म्हणे तवा माहा पहारा. रोज आयकून आयकून पाठ झालं."

"म्हण बरं. मले आयकू दे."

लतीफ उठला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याकडे त्यानं तोंड केलं. खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधला. त्रिशरणाला डोकं झाकावं लागत नाही, पण भागीरथाबाईनं त्याला तसंच म्हणू दिलं. त्यानं हात जोडले, डोळे मिटले.

बुद्धं, धम्मं, संघं. पहिली फेरी त्यानं सावकाश म्हटली. अशा तीन फेऱ्या म्हणायच्या असतात. पण लतीफ दुसरी सोडून सरळ तिसरीवर गेला, ती संपवली आणि डोळे उघडले.

शालिक लहानपणापासून हेच करायचा. चुलीवर भाकर दिसली की दुसरी फेरी गिळून मोकळा. तिनं किती दटावलं, पाठीत धपाटेही घातले. फौजेत गेला तरी पठ्ठ्या सुधारला नव्हता. तो आत्ता या घरात येऊन गेला असं तिला वाटलं, आणि अजून थोडा थांबला असता तर, असंही वाटलं.

"चुकलं का, माय?" लतीफनं घाबरत विचारलं. "तिथं बी असंच म्हणलं म्या."

"नाही गा. त्याच्यासारखंच म्हणलं." तिनं पदरानं डोळे पुसले. "बस. भाकर टाकतो. भुकेल्या पोराले कुठचा धीर निघते."

लतीफ रुमाल सोडून चुलीजवळ बसला. भागीरथाबाईनं परात ओढली, आणि पीठ मळता मळता राहिलेली दुसरी फेरी हळूच म्हणून टाकली, दोघांच्याही वाटची.