चेहरा जुळत नाही

टॅबवर पुन्हा तीच लाल पट्टी आली. ‘चेहरा जुळत नाही.’

"आता काय म्हनतंय ते डबडं?" झुंबरबाईंनी बाकावरूनच विचारलं.

"तेच, मावशी. जरा थांबा," करिश्मा सिस्टर म्हणाली आणि तिनं कॅमेऱ्याची काच ॲप्रनला पुसली.

दौंडकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात एका संस्थेचं मातृसेवा केंद्र होतं. केंद्र कसलं, दोन खोल्या, एक सिस्टर आणि एक टॅब. आणि मालक म्हणाल तर टॅबच. पोटुशी बाई आली की आधी तिचा चेहरा टॅबला दाखवायचा. नोंदणीच्या वेळी काढलेल्या फोटोशी तो जुळला तरच तपासणीचं पान उघडायचं, आणि पान उघडलं तरच टॅबला जोडलेल्या बीपीच्या पट्ट्यात हवा भरायची. नाही जुळला तर बाईनं घरी जायचं. अरे, आठव्या महिन्याची बाई समोर धडधडीत बसलीय, आणि ती तीच आहे की नाही हे यंत्रानं ठरवायचं! संताप येईल नाही तर काय?

झुंबरबाईंच्या सुनेला, सारिकाला, मागच्या खेपेला असंच परत पाठवलं होतं. उजेड कमी पडत असेल म्हणून. आज मग तिला दारात, लख्ख उजेडात बसवलं. डोक्यावरचा पदर काढला, टिकली काढली, केस मागं घेतले, तोंडही धुऊन झालं. "डोळे मिटा, डोळे उघडा," टॅबमधली बाई गोड आवाजात सांगत होती आणि सारिका जड पापण्यांनी तसं करत होती. तिचं डोकं ठणकत होतं. उन्हातून आलोय ना, असं झुंबरबाईंचं म्हणणं.

पुन्हा लाल पट्टी.

"माझी सून हाय ही, चोरून आनलेली न्हाई!" झुंबरबाई उठूनच उभ्या राहिल्या. "हिचा नवरा तिकडं रांजणगावला कंपनीत, म्हनून मी गवारीची तोडणी टाकून हिला घेऊन आले. आन् हे म्हनतंय ही ती न्हाईच? बघा तरी, कशी अंगानं भरलीय! दूध म्हनू नका, तूप म्हनू नका. पायात चपला बसंनात, हातात बांगड्या बसंनात. समदं गाव इचारतंय, सुनंला चारता तरी काय म्हनून."

करिश्माला त्यांचा राग पटत होता. तिनं तणतणत संस्थेच्या ऑफिसला फोन लावला. टॅबचं काम बघणारे सर अगदी निवांत होते.

"सोपं आहे, मॅडम. जुना फोटो उडवा, आत्ताचा टाका. लगेच जुळेल."

"एवढंच होतं तर मागच्या खेपेला का नाही सांगितलंत? बाईला हेलपाटा पडला की!"

"तेव्हा तुम्ही फोन कुठं केला होता? नुसती तक्रार टाकली होती."

करिश्मानं फोन जवळजवळ आपटलाच. मग टॅबवर सारिकाचं नाव काढून ‘फोटो बदला’वर बोट ठेवलं. जुना फोटो पडदाभर उघडला. खाली प्रश्न होता, ‘हा चेहरा कायमचा काढायचा?’

झुंबरबाई खांद्यावरून डोकावल्या. "ही कोन म्हनायची?"

"कोण म्हणजे? सारिकाच."

"हॅ!" त्यांनी टॅब जवळ ओढला. "अगं बया... व्हय की गं."

करिश्माचं बोट तिथंच थांबलं. तिनं टॅब उचलून सारिकाच्या गालाशी धरला. फोटोतली पोरगी तरतरीत, गालाची हाडं दिसणारी, टपोऱ्या डोळ्यांची. शेजारी ही. डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिलेल्या, नाक पसरलेलं, ओठ सुजलेले. खाऊन माणूस जाड होतं, पण पापण्या अशा फुगत नाहीत.

ती खाली बसली. सारिकाच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"सारिका, डोळ्यांपुढं अंधारी येते?"

"येती की. काजवं चमकत्यात."

"मग बोलली का नाहीस गं?"

"इचारलं कुनी?" सारिका म्हणाली. "तुम्ही समदी त्या टॅबात बघत हुता."

करिश्माला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. गरोदर बाईचं तोंड सुजलं की आधी बीपी बघायचं, हे नर्सिंगला गेलेल्या कुठल्याही मुलीला ठाऊक असतं. आणि तिनं काय केलं? तर टिकली काढायला लावली! कपाटाच्या तळाशी पाऱ्याचं जुनं यंत्र धूळ खात पडलं होतं. तिनं ते ओढून काढलं, पट्टा बांधला, हवा भरली. आकडा भलताच चढलेला बघून तिनं आधी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. कधीही झटके आले असते. आई गेली असती आणि पोटातलं लेकरूही.

ॲम्ब्युलन्स आली. करिश्मा स्वतः सोबत गेली. टॅब टेबलावरच राहिला.

संध्याकाळी सारिकाचं ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. फार बारकी, म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सारिका शुद्धीवर आली, बोलली, तेव्हा कुठं झुंबरबाईंनी चहाला तोंड लावलं. "आन् मी गावभर मिरवत हुते, सून कशी भरलीय म्हनून," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सरांचा फोन आला.

"मॅडम, तुमची तक्रार अजून उघडीच दिसतेय. ॲप चुकतंय असं लिहिलंय तुम्ही. टाकला का नवीन फोटो?"

"नाही टाकला. जुनाच राहू द्या, सर," करिश्मा म्हणाली. "ही बाई पहिल्यासारखी राहिली नाही, हे आम्हा सगळ्यांत त्या एकट्या ॲपलाच दिसलं होतं. आणि आपण त्याचंच तोंड बंद करायला निघालो होतो."